शहाण्णवपट

चंद्रावर आदळून परतणारा क्षीण संदेश १०,३६८ मेगाहर्ट्झवर टिपूं पाहणाऱ्या हौशी रेडिओवाल्याजवळ मुळांत असतो १०६.५ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक. त्याच्या लहरी मुद्दाम वेड्यावांकड्या करून त्यांतील पट गाळून घेतात: पांचदां दुप्पट, एकदां तिप्पट, एकूण १०,२२४. आलेल्या संदेशांतून हे वजा होऊन उरलेले १४४ मेगाहर्ट्झ नेहमींचा ग्राहकच ऐकतो.

परंतु श्रोतेहो, गुणाकार आंधळा! थंडीनें स्फटिक दहा हर्ट्झ सरकला, कीं वर ९६० हर्ट्झांची चूक. ग्राहकाची चाळणी तर कांहींशें हर्ट्झांची. संदेश शेजारून निघून जातो. म्हणून कित्येक जण रुबिडियमच्या दहा मेगाहर्ट्झांच्या ठोक्याशीं स्फटिक बांधून टाकतात. सरकणें थांबतें. त्याची सूक्ष्म थरथर मात्र गुणाकारांत सुमारें ४० डेसिबलांनीं वाढते, ती बरीचशी उरतेच.