साडेसहा हजार घ्यायचे की नाही?

(रौप्यमहोत्सवी वर्षात महिन्यातल्या एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये एका सभासदाने आपला एखादा अनुभव सांगावा, असे ठरले होते. त्यापैकी एका भाषणाचा हा मजकूर. – संपादक मंडळ)



इथे काही जण मला 'बाई' म्हणून ओळखतात, कारण मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. बाकीचे मला सोसायटीची खजिनदार म्हणून ओळखतात आणि लिफ्टमध्ये मी दिसले की जिन्याने जातात. (हशा) आज मात्र मी माझ्याच हिशेबातली चूक सांगणार आहे, तेव्हा निर्धास्त बसा.

गोष्ट २०२३ सालची. आमच्या ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मेडिक्लेम होता, पण कॅशलेस मिळेना. 'आधी भरा, मग क्लेम करा.' मी क्रेडिट कार्डावर साठ हजार भरले. बिल आलं. त्यात एक मोठा आकडा होता आणि त्याच्याखाली लहान आकडा, 'मिनिमम ड्यू' तीन हजार. घरात वॉकर, फिजिओथेरपी, रात्रीची जागरणं. मला वाटलं, सध्या तीन हजार भरू, क्लेमचे पैसे आले की बाकीचे भरू. दोन महिने असंच केलं. दुसऱ्या महिन्यात तर तेही दोन दिवस उशिरा भरले. मग क्लेमचे पैसे आले आणि मी सगळी रक्कम एकदम भरून टाकली. त्यानंतर स्टेटमेंट घेऊन बसले, तर साठ हजारांशिवाय वरचे १३,२७५ रुपये गेलेले!

माझा संताप झाला. बँकेच्या तक्रार विभागाला लांबलचक मेल लिहिला: सगळेच्या सगळे परत करा. अठराव्या दिवशी एका मुलीचा फोन आला. आवाज गोड होता. "मॅडम, तुम्ही आमच्या जुन्या ग्राहक आहात, म्हणून सद्भावना म्हणून आम्ही ६,५०० रुपये परत करतोय. फक्त मेलवर 'मान्य आहे, माझी तक्रार पूर्ण व अंतिम मिटली' एवढं लिहून पाठवा. उद्या संध्याकाळपर्यंत."

आता घरातली मतं ऐका. हे म्हणाले, "घे आणि मोकळी हो. निम्मे तर मिळतायत." मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, एक रुपया सोडायचा नाही." जाऊबाई म्हणाल्या, "माझे तर कधी काहीच परत आले नाहीत, तू नशीबवान." आणि मी रात्री दोन वाजता जागी, कारण मला दोन्ही पटत होतं.

सकाळी मी ए विंगमधल्या आपल्या बँकवाल्या काकांकडे गेले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण चष्मा लावून स्टेटमेंट बघायची सवय तीच. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, तेरा हजारांत कुठला किती?" मला सांगता येईना. गणिताच्या शिक्षिकेला! मी फक्त एकूण बेरजेवर भांडत होते.

मग त्यांनी कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे 'माझं', उजवीकडे 'त्यांचं'. एकेक आकडा घेतला.

पहिला आकडा व्याजाचा. ५,१०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९१८, म्हणजे ६,०१८. काका म्हणाले, हे तुमचं. कार्डाचं पूर्ण बिल मुदतीत भरलं तरच बिनव्याजी दिवस मिळतात. 'मिनिमम' भरलं तर उशिराचा दंड टळतो, पण व्याज टळत नाही, आणि ते खरेदीच्या तारखेपासून लागतं. माझ्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के होता. वर्षाचे बेचाळीस. आपण इथे थकबाकीवर २१ टक्के लावतो, तेही सरळ व्याज, तरी वार्षिक सभेत आवाज चढतात. कार्डावर त्याच्या दुप्पट, आणि मी मुकाट्याने भरलं.

दुसरा, उशिराचा दंड. ७५० आणि जीएसटी १३५, म्हणजे ८८५. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांबद्दल एकत्रित निर्देश काढले. त्यात म्हटलंय की मुदत उलटून तीन दिवसांहून जास्त झाले, तरच असा दंड लावायचा. मला दोनच दिवस उशीर झाला होता. हे त्यांचं.

तिसरा, कसलासा विमा. २,४०० आणि जीएसटी ४३२, म्हणजे २,८३२. मला आठवलं, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये असताना एक फोन आला होता आणि मी नुसतं 'हं, हं' केलं होतं. विम्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती लेखी किंवा डिजिटल स्वरूपात घ्यायला हवी. माझ्या 'हं'ला संमती कोण म्हणेल? हेही त्यांचं.

चौथा, वार्षिक फी. ३,००० आणि जीएसटी ५४०, म्हणजे ३,५४०. माझं जुनं कार्ड फुकटचं होतं. बँकेने आपणहून एक चकचकीत कार्ड पाठवलं, जुनं बंद केलं आणि नव्याची फी लावली. न मागता कार्ड देणं किंवा वरच्या दर्जाचं करणं याला मनाई आहे. तसं करून पैसे लावले, तर ते परत करायचे आणि वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, असा नियम आहे.

बेरीज झाली. माझं ६,०१८. त्यांचं ७,२५७. आणि त्यांनी देऊ केले होते ६,५००.

म्हणजे मी पूर्ण तेरा हजार मागत होते ते चूक होतं. आणि ते साडेसहा हजार 'सद्भावना' म्हणून देत होते, तेही चूक होतं. फरक साडेसातशे रुपयांचा. हे म्हणाले, "साडेसातशेसाठी एवढा खटाटोप?" पण काकांनी बोट ठेवलं ते वेगळ्याच जागी, 'पूर्ण व अंतिम' या शब्दांवर. आपणच मिटलं म्हणून लिहून दिलं, की पुढे कुठेही गेलं तरी आपलंच लिहिलेलं आपल्याला दाखवतात.

त्या कागदाकडे बघताना मला दुसरंच काही आठवलं. त्याच्या आदल्या वर्षी आपल्यातलेच एक सभासद माझ्याकडे आले होते. नाव सांगत नाही, ते आज इथे बसलेत. त्यांची थकबाकी होती. "थोडं व्याज कमी करा" म्हणाले. मी नियम दाखवला. मग ते म्हणाले, "बाई, निदान कुठला किती ते तरी सांगा. मेंटेनन्स किती, पार्किंग किती, व्याज किती?" मी म्हटलं, "एकूण आकडा बिलात आहे." आणि दार लावलं. बँकेतल्या त्या मुलीचा आवाज निदान गोड तरी होता.

असो. मी बँकेला उत्तर लिहिलं. चार ओळींचं. "व्याजाचे ६,०१८ माझ्या चुकीचे आहेत, ते मी मागत नाही. खालील तीन रकमा, जीएसटीसह ७,२५७, नियमाला धरून नाहीत. त्या परत कराव्यात. ६,५०० हा पूर्ण व अंतिम परतावा म्हणून मला मान्य नाही." प्रत्येक रकमेपुढे स्टेटमेंटची तारीख लिहिली.

तीन दिवस काही नाही. मला वाटलं, होते तेही गेले. आठव्या दिवशी खात्यात ७,२५७ जमा झाले. पत्र नाही, फोन नाही.

आता तुम्ही विचाराल, दुप्पट दंडाचं काय? ७,०८० रुपये होत होते. मुलगा म्हणाला, लोकपालाकडे जा. जाता आलं असतं. पण मी ते नवं कार्ड चालू करून दोनदा किराणा भरला होता. माझी बाजू पूर्ण स्वच्छ नव्हती, आणि ह्यांना रोज फिजिओला न्यायचं होतं. मी सोडून दिलं. काकांना ते अजून पटलेलं नाही. तुमच्यापैकी काही जणांनाही पटणार नाही. चालेल. पण काय सोडते आहे, ते मला ठाऊक होतं. फोन आला त्या दिवशी 'हो' म्हटलं असतं, तर तेही कळलं नसतं.

कोणाला असा फोन आला तर चार गोष्टी लक्षात ठेवा. फोनवर 'हो' म्हणू नका, देऊ केलेली रक्कम लेखी मागा. कुठल्या आकाराचा परतावा आहे आणि जीएसटी धरलाय का, ते विचारा. वाद चालू असला तरी ज्या रकमेबद्दल वाद नाही, ती वेळेवर भरत राहा, नाहीतर नवा दंड आणि नवं व्याज सुरू. आणि तक्रार आधी बँकेकडेच लेखी करा, तिचा क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

शेवटचं. त्या सभासदांच्या घरी मी नंतर गेले. त्यांचा हिशेब उलगडून नेला. त्यात पार्किंगचे दोन महिने दोनदा लागले होते. चूक आमची होती, ती दुरुस्त केली. व्याज त्यांचं होतं, ते त्यांनी भरलं. त्यांच्या मिसेसनी चहा केला.

तेव्हापासून आपल्या मेंटेनन्स बिलावर प्रत्येक रकमेची वेगळी ओळ असते. बिल दोन पानांचं झालं म्हणून काही जण कुरकुरतात. कुरकुरा. पण वाचा.