रावढळचे हवालदार

आज एका फौजी माणसाची गोष्ट सांगते. फौजी म्हटलं की आपल्याला आधी लढाई आठवते. यांचं मोठं काम मात्र वर्दी उतरवल्यावर सुरू झालं. नाव गोपाळबाबा वलंगकर. गाव आपल्याच रायगडातलं, महाडजवळचं रावढळ. जन्म साधारण १८४० चा, महार समाजातल्या घरात.

त्या काळात या घरातल्या पोराला शाळेची पायरी चढू देत नव्हते. पण पलटणीत गोष्ट वेगळी होती. तिथे शिपायांना शिकावं लागे, त्यांच्या मुलांना शिकावं लागे, आणि मैत्रिणींनो, मुलींनासुद्धा! बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी पलटणीच्याच शाळेत हेडमास्तर होते. म्हणजे गावात जे अक्षर मिळत नव्हतं, ते पलटणीत मिळत होतं. फौजेची नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हे, घरात आलेली पाटी होती ती.

गोपाळबाबा १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि सावित्री नदीपलीकडे दापोलीला राहिले. तिथे पेन्शनरांची बरीच घरं होती. महिन्याचं पेन्शन येत होतं, मान मिळत होता, ओटीवर बसून पलटणीतल्या गोष्टी सांगत दिवस काढता आले असते. कोणी नावं ठेवली नसती. पण जोतिबा फुल्यांचे विचार त्यांच्या मनात उतरले होते. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. त्यात त्यांनी प्रश्नच विचारले आहेत, शिवाशिव मानणाऱ्यांना, सरळ. 'दीनबंधू', 'सुधारक' या वर्तमानपत्रांतूनही ते लिहीत. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' नावाची संस्था काढली. आज आपण गट काढतो, नोंदवही ठेवतो, ठराव करतो. सव्वाशे वर्षांपूर्वी दापोलीत हेच चाललं होतं.

मग एक मोठा घाव बसला. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची फौजभरती बंद केली. म्हणे ही लढवय्यी जात नव्हे! ज्यांच्या बापजाद्यांनी याच सरकारसाठी रक्त सांडलं, त्यांना हे ऐकवलं. दार फक्त नोकरीचं बंद झालं नाही. पाटी गेली, पोरींची शाळा गेली. त्याच सुमारास दापोलीतल्या पेन्शनरांना आपल्या मुलांच्या शाळेसाठी अर्ज करत फिरावं लागत होतं, आणि घेतलं तरी मुलांना व्हरांड्यात बसवत. १८९४ मध्ये गोपाळबाबांनी लष्कराच्या सरसेनापतींना उद्देशून भरतीसाठी अर्ज लिहिला. आमचे पूर्वज लढवय्ये होते, आम्हाला का वगळता, असा त्याचा रोख. भरती तेव्हा उघडली नाही. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम हा अर्जच. स्वतःचं पेन्शन चालू असताना पुढच्या पोरांच्या नोकरीसाठी भांडणारा माणूस सोपा नसतो.

१८९५ मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. शेजारी बसणं काही उच्चवर्णीय सभासदांना रुचलं नाही. १९०० मध्ये ते वारले.

पुढचं मात्र तुम्हाला ठाऊक आहे. पाणी. पाण्याची हंडा-कळशी कोणाच्या डोक्यावर असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर त्यांच्यावर हल्ला झाला. त्या जमावात फौजेतून परतलेली माणसं होती, हाताला लढाईची सवय. हात उचलायचा नाही, असं बाबासाहेबांनी सांगितल्यावर त्यांनी उचलला नाही. ही शिस्त पलटणीतली.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने हरिहरेश्वराला आले, तिथून खाडीने दासगाव बंदरात. शेवटी, २७ डिसेंबरला, ते खास बायकांशी बोलले: मुलींना शाळेत घाला, लुगडं इतर बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा. बायकांनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली. रमाबाई आंबेडकर गोपाळबाबांच्या नात्यातल्या, हेही जाता जाता सांगते.

तळ्याचा खटला कोर्टात दहा वर्षं चालला. १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल तळं खुलं ठेवण्याच्या बाजूने लागला. फौजेचं दार पहिल्या महायुद्धात थोडं उघडून परत मिटलं, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

आता एक काम. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजे-पणजे फौजेत होते. पेन्शनची पुस्तकं, बिल्ले, मोडीतली पत्रं पत्र्याच्या पेटीत असतात. पावसाळ्याआधी पेटी उघडा, कागद सावलीत, हवेशीर जागी पसरा, वाळवी बघा. आजी असेल तर तिला विचारा, पलटणीत कोण शिकलं, आणि पोरींपैकी कोण. लिहून ठेवा आणि गटाच्या बैठकीला घेऊन या.