नवी शिक्षणसाधने आणि आपले शिक्षक

(परभणी येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



शाळेतील नव्या साधनांविषयी शिक्षकांना उपयोगी पडेल असे काही बोलावे, अशी आज्ञा आपल्या कार्यवाहांनी मला केली. मी यंत्रविद्येतील जाणकार नव्हे. गंगाखेड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत उभी हयात काढून २०२१ साली सेवानिवृत्त झालेला मी एक प्राथमिक शिक्षक आहे. आपल्या ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांस यंदा पारितोषिक म्हणून टॅब द्यावेत, असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. त्यास माझ्या भाषणाने बळ मिळेल, अशी काही मंडळींची अपेक्षा असावी. ती मजकडून पुरी होणार नाही, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

माझे वडीलही शिक्षकच होते. १९४८ पूर्वीच्या निजामी अमदानीत, वरच्या इयत्तांत मराठी मुलांना उर्दूतून शिकावे लागत होते त्या काळात, त्यांनी नोकरीस प्रारंभ केला. पुढे ते ज्या शाळेत होते तेथे एक सुंदर पृथ्वीगोल आला. तो आला त्या दिवशी त्याची पूजा झाली, नारळ फुटला आणि गोल कपाटात गेला. कपाटास कुलूप लागले. तपासणी अधिकारी येणार असले म्हणजे तो पुसून टेबलावर ठेवीत. अधिकारी गेले की पुन्हा कपाटात. मी त्याच शाळेत चार वर्षे शिकलो. परंतु त्या गोलास माझा हात लागला नाही. 'सरकारी वस्तू मोडली तर भरून कोण देणार?' असे वडील म्हणत, आणि त्यांच्या तुटपुंज्या पगाराकडे पाहता त्यांचे भय खोटे नव्हते.

हा गोल मी पुढे आयुष्यभर निरनिराळ्या रूपांत पाहिला. १९८४ साली पुण्यास बालचित्रवाणी ही संस्था निघाली. मुलांसाठी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम होत आणि त्यांतले काही खरोखर उत्तम असत. परंतु कार्यक्रम लागे तेव्हा खेड्यात वीज नसे, आणि वीज असे तेव्हा संच ठेवलेल्या खोलीची किल्ली कोणाजवळ आहे ते ठाऊक नसे. २०१७ साली ती संस्था बंद झाली. पुढे गावोगावच्या लोकवर्गणीतून शाळाशाळांत मोठे पडदे आले, संगणक आले. मी स्वतः मुख्याध्यापक असताना अशा एका संचावर मखमली आच्छादन घातले होते, आणि ते धुळीपासून रक्षण व्हावे म्हणून घातले आहे असे मी मनाचे समाधान करून घेत असे. वडिलांच्या कुलुपात आणि माझ्या मखमलीत फरक तो काय?

आता दुसरी बाजू सांगतो. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी हे लहानसे गाव. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ साली श्री. रणजितसिंह डिसले हे तरुण शिक्षक रुजू झाले. दुकानातील मालावर ज्या काळ्या-पांढऱ्या खुणा असतात, तशी क्यूआर खूण पाठ्यपुस्तकाच्या पानावर चिकटवावी आणि मोबाईल तिजवर धरताच त्या धड्याची कविता ऐकू यावी, चित्रफीत दिसावी, अशी योजना त्यांनी आपल्या वर्गापुरती केली. पुढे ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांस जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. ही रक्कम दहा लक्ष डॉलरांची. त्यातील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली, याची वार्ता सर्वांनी वाचली. मला त्या वार्तेतील रकमेपेक्षा निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी प्रथम आपल्या समोरची मुले पाहिली, त्यांच्या घरात कोणते साधन आहे ते पाहिले, आणि मग त्या साधनाचा उपयोग शोधला. आपण बहुधा आधी साधन विकत घेतो आणि मग त्याचा उपयोग शोधीत बसतो.

माझ्या हातून झालेली चूक येथे सांगितलीच पाहिजे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. त्या जुलै महिन्यात सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिकाही लागू लागली. मी सहावीच्या पालकांचा व्हॉट्सॲपवर गट केला आणि रोज सकाळी नऊ वाजता त्यावर पाठ पाठवू लागलो. पाठ पाहिला गेला की दोन निळ्या खुणा उमटतात. त्या खुणा मी हजेरीप्रमाणे मोजीत असे आणि तसाच अहवाल वर पाठवीत असे. एका मुलीच्या नावापुढे निळ्या खुणा नियमाने उमटत. उत्तर मात्र एकही येत नसे. मुलगी आळशी झाली, असा शेरा मी मनातल्या मनात मारून मोकळा झालो.

दिवाळीनंतर मी तिच्या घरी गेलो. घरी तिची आजी होती. आई-बाप दोघेही कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीस गेलेले. मी अभ्यासाचे विचारताच म्हातारी म्हणाली, "गुरुजी, फोन तर लेकासंगं उसाला गेलाय." फडावर दमून आलेला बाप रात्री फोन उघडी, आणि माझ्याकडे दोन निळ्या खुणा उमटत! मुलीने मात्र भागाकाराचा एकही पाठ पाहिला नव्हता. २७ जानेवारी २०२१ रोजी पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरले तेव्हा ती शाळेत आली, फळ्यापाशी उभी राहिली आणि खडू हातात धरून रडू लागली. तिच्या प्रगतिपुस्तकात मी काय लिहिले होते ते येथे सांगण्याचे धैर्य मजपाशी नाही. त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर मी तिला आणि तिच्यासारख्या आणखी चौघांना चिंचोके घेऊन भागाकार शिकविला. फोन माझ्या खिशातच होता.

गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील शिक्षकबंधूंना हे नवे नाही. दिवाळी झाली की वर्गातील मुले निम्मी होतात. तेव्हा शिक्षकांना माझी पहिली विनंती अशी, की कोणत्या मुलाच्या घरी फोन आहे हे विचारू नका. तो सायंकाळी सहा वाजता कोणाच्या हातात असतो, हे विचारा.

आता थोडे व्यवहाराचे. केंद्र शासनाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर खुणा तेथेच नेतात. या ॲपमधील सामग्री आधी उतरवून ठेवता येते आणि मग इंटरनेट नसले तरी ती चालते, ही गोष्ट पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते. भर वर्गात चाळीस मुले समोर बसवून संपर्क मिळतो का, म्हणून फोन खिडकीबाहेर धरून उभे राहणारे गुरुजी मी पाहिले आहेत. घरी, रात्री, जेथे संपर्क बरा असेल तेथे आठवड्याचे पाठ उतरवून घ्यावेत. आणि उतरविलेला प्रत्येक पाठ आपण स्वतः अखेरपर्यंत पाहिल्याशिवाय वर्गात लावू नये. कित्येक चित्रफिती लांबलचक असतात, कित्येकांत भाषा पुस्तकी असते, काहींत चुकाही असतात. पाच-सात मिनिटांहून अधिक सलग दाखवू नये. मध्येच थांबवावे आणि 'आता पुढे काय होईल?' असे विचारावे. मुले चुकीचे उत्तर देतील, भांडतील. मग पुढचा भाग लावावा.

शाळेत एकच पडदा आणि गुरुजींचा एकच फोन असेल तर त्याचा सर्वांत मोठा उपयोग चित्रफीत दाखविण्याचा नव्हे. फोन तारेने पडद्यास जोडावा, त्याचा कॅमेरा चालू करावा आणि एखाद्या मुलाची वही त्याखाली धरावी. त्याने गणित कसे सोडविले, हातचा कोठे विसरला, ते सर्व वर्गास एकदम दिसते. यास इंटरनेट लागत नाही, पैसाही लागत नाही. वही लावताना मुलाची अनुमती मात्र घ्यावी. हसे करण्यासाठी हे साधन नव्हे. मुलांची छायाचित्रे आणि नावे ऊठसूट गटांवर टाकण्याची जी हौस अलीकडे बळावली आहे, तीही आवरावी.

विज्ञानासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा उपक्रम आहे. नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला. विजेचे मंडल, लंबक, अपूर्णांक असे प्रयोग त्यात पडद्यावर स्वतः हाताळता येतात. कित्येक मराठीतही आहेत. पुण्याचे श्री. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी कशी करावीत ते आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य दाखविले आहे, आणि शेकडो मराठी पुस्तकेही तेथे ठेविली आहेत. 'स्टोरीवीव्हर'वर मुलांच्या मराठी गोष्टी आहेत. त्या छापून घेण्यासही मोकळीक आहे. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेला मराठी विश्वकोश, आणि मोल्सवर्थ व दाते यांचे शब्दकोश आज खिशातील फोनवर उघडतात. हे ग्रंथ पाहण्यासाठी माझ्या वडिलांना एके काळी औरंगाबादेस जावे लागत असे! आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. क्षणात मराठीत वीस प्रश्न काढून देतात. मीही ती वापरून पाहिली. परंतु ती साधने चूकही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. पाठ्यपुस्तक शेजारी उघडे ठेवूनच त्यांचे साहाय्य घ्यावे.

आकाशाची ओळख करून देणारे 'स्टेलॅरियम' हे विनामूल्य साधन मला फार आवडते. तरीही एक सांगतो. आपली परभणी कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने वर्षातून दोन दिवस दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिला दिवस मे महिन्याच्या मध्यास येतो, तेव्हा सुटी असते. दुसरा जुलैच्या अखेरीस येतो, तेव्हा शाळा असते, परंतु ढग असतात. एके वर्षी दहा मिनिटे ऊन पडले. मुलांनी काठी रोवली आणि सावली नाहीशी झालेली पाहिली. पडद्यावर ती मी त्यांना आदल्याच दिवशी दाखविली होती. म्हणूनच त्या दहा मिनिटांत काय पाहायचे ते त्यांना ठाऊक होते. साधनाचे स्थान मला त्या दिवशी कळले.

आता प्रस्तावाविषयी. गुणवंत मुलास टॅब दिला तर तो बहुधा ज्या घरी आधीच एक आहे तेथे दुसरा होईल. गावातील शिक्षकास मात्र आज बोलण्यास कोणी सोबती नाही. प्रशिक्षणे होतात, तेथे भाषणे होतात. 'माझ्या वर्गात हे जमत नाही' असे सांगण्यास जागा नसते. तेव्हा ठरविलेल्या रकमेतून आपल्या या कार्यालयात एक पडदा, दोन-तीन तारा, बॅटरीवर चालणारी वीजव्यवस्था आणि एक चांगली इंटरनेट जोडणी एवढे करावे. महिन्यातून एका रविवारी नऊही तालुक्यांतील शिक्षकांना येथे यावयास सांगावे. त्यांनी आपापले पाठ उतरवून न्यावेत आणि काय फसले ते एकमेकांस सांगावे. प्रवासखर्च संस्थेने द्यावा. चहाचे पाहण्यास आमची सेवानिवृत्त मंडळी समर्थ आहेत.

आणखी एक गोष्ट काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, तरी बोलतो. या बैठकीचे दार आपल्या ज्ञातीच्याच शिक्षकांपुरते ठेवू नये. आपली मुले ज्यांच्या हाताखाली शिकतात ते गुरुजी सर्व समाजांचे आहेत, आणि आपल्या गुरुजींच्या वर्गात सर्व समाजांची मुले बसतात. या वास्तूच्या खोलीची किल्ली कोणापाशी राहील, हेही आजच ठरवावे. कपाट घेऊ नये.

मंडळाने अनुमती दिल्यास पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी येथे हजर राहीन. पडदा येईपर्यंत तार माझी आणि भिंत संस्थेची, एवढ्यावर भागेल.