गोष्ट लिहिणे हेही कसबच

(भिवंडी तालुक्यातील एका गावी, शाळेच्या पडवीत शेतकरी व कारागीर मंडळींपुढे आम्ही केलेले भाषण.)



आज आम्ही बी-बियाणे, खत किंवा पतपेढी यांवर बोलणार नाही. कथा-कादंबऱ्या वाचाव्या कशासाठी आणि आपल्यापैकी कोणाला एखादी लिहावीशी वाटली तर ती लिहावी कशी, एवढाच आजचा विषय आहे. हे ऐकताच मागे बसलेल्या एका वडीलधाऱ्यांनी आम्हांला विचारले, "मास्तर, गोष्टी म्हणजे खोट्याच ना? मग पोरांना त्यांचा नाद कशाला लावता?" प्रश्न रोखठोक आहे, तेव्हा आधी त्यालाच हात घालतो.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्याचे सरकारी कागद आहेत. धान्य किती महागले, दुष्काळी कामांवर किती माणसे आली, हे त्यांत सापडते. पण दावणीचा बैल विकायचे ठरले त्या रात्री घरात कोण जेवले नाही, हे कोणत्या रकान्यात लिहिणार? त्याला रकानाच नाही. ते काम गोष्टीचे.

हे काम आपल्याच एका माणसाने केले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. कृष्णराव भालेकर हे पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८७७ साली त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र काढले. पुढे १८८८ मध्ये 'दीनमित्र' मासिकातून त्यांची 'बळीबा पाटील' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिचा विषय तोच दुष्काळ. मराठी कादंबरीचे वय तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे हाल मांडले होते. पण त्यानंतरच्या पुष्कळ कादंबऱ्या राजपुत्र, सुंदऱ्या आणि अद्भुत योगायोग यांतच रमल्या. अशा वेळी नांगरधाऱ्याला गोष्टीचा नायक करणे ही लहान बाब नव्हे. आता बळीबा नावाचा पाटील खरोखर होता की नव्हता, हे विचारण्यात काय हशील? त्या सालात तसे हजारो होते. वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला आमचे एवढेच उत्तर आहे.

खुद्द जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहांचे भय घालून कसा लुबाडतो, आणि अखेरीस ती दोघे रात्रीच्या शाळेत जायला कशी निघतात, हे त्यात दाखवले आहे. दक्षिणा प्राइज कमिटीकडे ते गेले आणि नापसंत होऊन परत आले. छापून निघाले कधी? १९७९ साली! म्हणजे लेखणी आपली असली तरी छापखाना आणि पसंती परक्याच्या हाती असली की एकशे चोवीस वर्षे लागतात. जोतीरावांचे हस्तलिखित निदान टिकले. आपल्या आज्यापणज्यांनी जे जन्मभर सांगितले, ते तर कोणी कागदावर उतरवलेच नाही.

ते उतरवायचे कसे? त्याची विद्या फार गूढ आहे असे समजू नका. मागावर बसणाऱ्याला तिचे मर्म चटकन कळेल. काय काय घडले, याची ओळीने केलेली मांडणी हा ताणा. पण नुसता ताणा म्हणजे कापड नव्हे. बारीकसारीक तपशिलांचा धोटा त्यातून फिरावा लागतो. आमच्या वर्गात 'पाऊस' या विषयावर लिहायला सांगितले, तेव्हा चाळीस वह्यांत एकच पाऊस पडला : मुसळधार, विजांच्या कडकडाटासह, सगळा पाठ्यपुस्तकातला. मग सांगितले, पाऊस राहू द्या, तुमच्या घरात काय भिजले ते लिहा. एका मुलीने लिहिले की, आईने बियाण्याच्या भाताचे पोते रात्रीतून तीन वेळा जागा बदलून ठेवले आणि सकाळी आई जिथे बसून झोपली होती तीच तेवढी जागा कोरडी होती. त्या दोन ओळींत पाऊस आला, घर आले, आईही आली. 'माझी आई कष्टाळू आहे' असे मुलीने कोठेही म्हटलेले नव्हते.

दुसरी गोष्ट अशी की, गोष्टीतल्या माणसाला काहीतरी हवे असले पाहिजे. मुन्शी प्रेमचंद हेही एके काळी शाळामास्तर होते. आमच्या भिवंडीत घरोघर बोलली जाते त्या उर्दूत त्यांनी आधी लिहिले, मग हिंदीत. १९३६ साली त्यांची 'गोदान' निघाली. तिच्यातल्या होरी शेतकऱ्याला काय हवे? दारात एक गाय. बस्स! गाय येते, सख्खा भाऊच तिला विष घालतो, कर्ज वाढत जाते, आणि मजुरी करता करता होरी मरतो. मरतानाही लोक गोदान करा म्हणतात, तेव्हा त्याची बायको धनिया घरात असलेले वीस आणे पुढे ठेवते. एवढ्याशा इच्छेच्या खुंटीला सबंध जमीनदारीचा कारभार टांगलेला आहे. कर्जावर शंभर भाषणे ऐकून जे ध्यानात येणार नाही, ते एका गाईने कळते.

आमच्या बाजूने लिहिणाऱ्यांचा एक दोष मात्र येथे सांगितला पाहिजे, मग कोणी रागावले तरी हरकत नाही. त्यांचा सावकार पहिल्या ओळीपासून काळाकुट्ट असतो आणि शेतकरी दुधासारखा पांढरा. मध्येच कोणीतरी उभा राहून दोन पाने उपदेश करतो. मास्तर मंडळी तर यात विशेष पटाईत. खरा सावकार असा नसतो. तो पोराच्या लग्नाला येतो, आहेर करतो, म्हातारीच्या खोकल्याची चौकशी करतो, आणि मगच कागद पुढे सरकवतो. तसाच लिहा. म्हणजे वाचणाऱ्याला त्याची अधिक धास्ती वाटेल. भाषेचेही तेच. आगरी बाई गोष्टीत पुस्तकी मराठी बोलू लागली की ती बाई राहत नाही, बाहुली होते.

हे आपल्याला साधेल काय, अशी शंका असेल तर वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आठवा. जन्म १९२०, शाळा जेमतेम दीड दिवसाची, मुंबईत गिरणीची मजुरी. त्यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. जे लहानपणी ऐकले होते, तेच त्यांनी लिहिले.

आता वाचनाविषयी. पुस्तके महाग असतात, डोळे दुखतात, वेळ नाही, या सबबी आम्ही रोज ऐकतो. पण श्रावणात पोथी लावण्याची चाल आपल्या गावांत होतीच ना? एकजण वाची आणि चाळीसजण ऐकत. ऐकणाऱ्यांत निम्म्यांना अक्षर येत नसे, तरी पुढच्या अध्यायाची वाट सगळेच पाहत. तीच रीत कादंबरीला लावा. घरातल्या शाळकरी पोराने वाचावे, बाकीच्यांनी कांड्या भराव्या, वाल सोलावे. वाचता वाचता पोर अडखळले तर आजी शब्द सांगते आणि आजी अडली तर पोर. हा आनंद एकट्याने कोपऱ्यात बसून वाचण्यात मिळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुस्तक विकतच घ्यावे असेही नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. कामानिमित्त तिकडे आपली माणसे जातातच. एकाने वर्गणी भरली तर पाच घरे वाचतील.

येत्या शनिवारी दिवेलागणीनंतर याच पडवीत व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली निघालेली 'बनगरवाडी' वाचायला घेऊ. धनगरांच्या वाडीत नेमणूक झालेल्या एका तरुण मास्तराची ती हकीकत आहे. येताना हातातले काम आणले तरी चालेल. ज्यांना घरची एखादी हकीकत लिहून आणायची असेल त्यांनी ती वहीच्या एकाच बाजूने लिहावी. अक्षर कसे का असेना, वाचून दाखवण्याचे काम आम्ही करू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, सातवीची मुले लिहून घेतील.