मोटार कारखान्यातील भरती आणि आपली मुले
(अकलूज येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



अकलूज परिसराला साखर कारखान्याचा भोंगा नवा नाही. मोटार उद्योगही आपल्याला परका नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी नीरेच्या खोऱ्यात वालचंदनगर वसविले आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना करून मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभारला. पुढे हा उद्योग पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात विस्तारला.

यांपैकी तळेगावचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. तेथे जनरल मोटर्सने २००८ साली सुरू केलेले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. हजाराहून अधिक कामगारांचा रोजगार गेला व वाद न्यायालयात पोहोचला. जानेवारी २०२४ मध्ये तोच कारखाना ह्युंदाईने घेतला आणि २०२५ साली तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. २०२८ पर्यंत वर्षाला अडीच लाख मोटारींची क्षमता गाठण्याचे कंपनीचे उद्दिष्ट आहे.

उत्पादन वाढते तेव्हा नवी माणसे लागतात, पण कोणती? मोटारीचा सांगाडा सांधणे, त्याला रंग देणे ही कामे आता बव्हंशी यंत्रमानव करतात. त्यामुळे केवळ अंगबळ पुरत नाही. यंत्रातील बिघाड ओळखणारा जोडारी, वीजतंत्री, संधाता हवा असतो. हे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मिळते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. मुलगा ‘कंपनीत लागला’ एवढ्यावर गावात पेढे वाटले जातात. तो कायम कामगार आहे, कंत्राटदाराकडे आहे की शिकाऊ उमेदवार आहे, हे कोणी विचारीत नाही. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ अन्वये असा उमेदवार प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला विद्यावेतन मिळते. मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घ्यावयाचे की नाही, हे त्या आस्थापनेच्या धोरणावर अवलंबून असते. म्हणून तो काळ वाया जातो असे नाही; परीक्षा देऊन मिळविलेले प्रमाणपत्र दुसऱ्या कारखान्यातही उपयोगी पडते. मात्र नोकरीच्या आशेने जमीन गहाण टाकून दलालाचे हात ओले करणे हा निव्वळ तोटा होय.

तेव्हा शिक्षकांनी दहावीच्या वर्गाला या व्यवसायांची माहिती द्यावी. पंचायत सदस्यांनी गावातील मुलाचे नेमणूकपत्र त्याच्यासोबत बसून वाचावे. नेमणारा कोण, मुदत किती, वेतन की विद्यावेतन, भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख आहे काय, एवढे चार प्रश्न सही करण्यापूर्वी विचारले गेले, तरी अनेक कुटुंबांची फसगत टळेल.