कावीळ आहे, पण आजार नाही?

हिवरा आश्रमच्या विवेकानंद जन्मोत्सवात शेतात बसलेल्या लाखोंच्या पंगती तुम्ही बघितल्या असतील. पुरी, वांग्याची भाजी, वाढायला ट्रॅक्टर! अशा पंगतीत एखाद्या पोराचे डोळे पिवळे दिसले, तर बाजूची काकू लगेच म्हणणार, "याले पुरी देऊ नका, कावीळ हाय."

पण काही लेकरांना ती पुरी खुशाल चालते. आज बोलू डुबिन-जॉन्सन सिंड्रोमवर.

1954 मध्ये डुबिन आणि जॉन्सन या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं. यात लिव्हर चक्क काळसर दिसतं, तरी काम नीट करतं. रक्तातल्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं, लिव्हर ते पित्तात ढकलतं. या पोरांच्या लिव्हरचं ते ढकलायचं दार जन्मतःच नादुरुस्त असतं. एबीसीसी2 जीनमधला बिघाड, आई आणि बाप दोघांकडून आलेला. म्हणून नात्यातल्या लग्नात याची शक्यता वाढते. बिलिरुबिन रक्तात परत येतं, डोळे पिवळे, कधी लघवी गडद. बाकी आयुष्य नॉर्मल. औषध नाही, कारण गरजच नाही.

ताप आला, दगदग झाली की पिवळेपणा वाढतो, मग आपोआप उतरतो. आणि तेवढ्यात कोणी गळ्यात माळ घातलेली असते! माळेच्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. श्रेय माळेला. माळेपर्यंत ठीक, पण लेकराला तापलेल्या सळईचा डाग देणं? मेळघाटात पोट फुगलं की डंबा देतात, तसलंच. तिथं मला राग येतो, सरळ सांगतो.

मग ओळखायचं कसं? रिपोर्टमध्ये डायरेक्ट बिलिरुबिन बघा. इथं ते वाढलेलं असतं, एसजीपीटी मात्र नॉर्मल. नक्की निदान लघवीतल्या कोप्रोपॉरफिरिनच्या तपासणीनं किंवा जीन टेस्टनं. इनडायरेक्ट वाढलं असेल तर गोष्ट वेगळी: गिल्बर्ट असेल, नाहीतर आपल्या विदर्भात सिकलसेल. दोन्ही एकत्र आले तर पित्ताचे खडे लवकर होतात, म्हणून सिकलसेलची टेस्ट टाळू नका.

जोडीला काय येतं? इराणी ज्यू कुटुंबांमध्ये काहींना रक्त गोठवणारा फॅक्टर सातही कमी आढळला. म्हणून अशा पोराचं ऑपरेशन असेल तर रक्त गोठण्याची टेस्ट करून घ्यावी. मुली मोठ्या झाल्या की गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणात पिवळेपणा वाढतो, तेव्हा डॉक्टरला आधीच सांगायचं.

आता मोठा 'पण'. तान्ह्या बाळाचं डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं असेल, तर "काही नाही, जन्माचंच आहे" असं घरी ठरवायचं नाही. पित्तनलिका बंद असण्याचा आजारही तसाच दिसतो, आणि त्याचं कसाई नावाचं ऑपरेशन शक्यतो 60 दिवसांच्या आत व्हायला हवं. बाळ चौदा दिवसांनंतरही पिवळं असेल, शी पांढरट किंवा मातकट दिसत असेल, तर मोबाईलवर तिचा फोटो काढा. हो, शीचाच! आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवा.