वाणिज्य शिक्षण आणि आपली पेढी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



हिंगोली-वसमतच्या बाजारात हळदीचा व्यवहार आपण पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शब्दावर करीत आलो. आमच्या वडिलांची व काकांची भागीदारीही तशीच, नोंदणीविना होती. एका खरेदीदाराने पैसे बुडविले. तेव्हा वकिलांकडून कळले की, १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ६९ व्या कलमान्वये नोंदणी नसलेल्या पेढीस अशा येण्यासाठी दावा लावता येत नाही. नोंदणी होईतो उधारीची तीन वर्षांची मुदत सरली!

हेच कलम आज माझी पुतणी वाणिज्य शाखेच्या प्रारंभीच्या अभ्यासक्रमात शिकते. म्हणून मुलामुलींस हे शिक्षण अवश्य द्या. आणि त्यांनी घरी येऊन ‘आपली नोंदणी झाली आहे का?’ असे विचारल्यास राग मानू नका. सचोटी हे आपले भांडवल खरेच. त्यास कागदाची जोड असावी, इतकीच विनंती.